‘एनर्जी’ म्हणायचे तर एकक सांगा

बिनसाखरेच्या ‘एनर्जी ड्रिंक’चा डबा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचला, तर एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी छापलेला आढळतो. दर्शनी बाजूला ‘एनर्जी’ हा शब्द सर्वांत ठळक असतो. मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा बारीक टाइपातला तक्ता असतो. त्याची पहिली ओळही ‘एनर्जी’ हीच असते, आणि तिच्यासमोर १०० मिलिलिटरला जेमतेम तीन-चार किलोकॅलरी असा आकडा असतो. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या पोषणविषयक दाव्यांच्या नियमावलीप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ४ किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा नसलेल्या पेयाला ‘एनर्जी-फ्री’, म्हणजे ऊर्जाविरहित, म्हणवून घेता येते. याचा अर्थ असा की, अशा डब्यावर ‘एनर्जी ड्रिंक’ आणि ‘एनर्जी-फ्री’ ही दोन्ही विशेषणे शेजारी-शेजारी छापली, तरी आकड्यांच्या बाजूने त्यांत खोटे काही ठरणार नाही.

ही केवळ जाहिरातवाल्यांची चलाखी असती, तर तिच्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण हाच शब्द सरकारी उद्दिष्टांत, वीजप्रकल्पांच्या बातम्यांत, उपचारकेंद्रांच्या फलकांवर आणि नोकरीच्या जाहिरातींत तितक्याच सहजपणे वावरतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ बदललेला असतो. माझे म्हणणे असे की, बोलण्यात हा शब्द कोणी कसाही वापरावा. मात्र ज्या ठिकाणी त्याच्या जोरावर पैसे मागितले जातात, उपचार विकले जातात किंवा सार्वजनिक धोरण आखले जाते, तेथे ‘एनर्जी’ म्हणणाऱ्याने ती किती, कोणत्या एककात आणि नेमकी कशाची, हे सांगितलेच पाहिजे. ते सांगता येत नसेल तर त्याने दुसरा शब्द शोधावा.

या मागणीवर पहिला आक्षेप भाषेच्या अभ्यासकांकडून येईल, आणि तो रास्त आहे. हा शब्द मुळात भौतिकशास्त्राचा नाहीच. ग्रीक भाषेत ‘एर्गोन’ म्हणजे काम. त्यावरून आलेली ‘एनर्गेइया’ ही संज्ञा ॲरिस्टॉटलने प्रत्यक्ष कार्यरत असण्याच्या अवस्थेसाठी वापरली आणि ‘दुनामिस’, म्हणजे अजून प्रकट न झालेले सामर्थ्य, हा तिचा प्रतिपक्ष मानला. वक्तृत्वशास्त्रातही ‘एनर्गेइया’ येते, ती ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोष्ट जिवंत उभी करणाऱ्या शैलीचा गुण म्हणून. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द रुळला तो शैलीतल्या याच जोमाच्या अर्थाने, आणि पुढे माणसाचा उत्साह, कामाचा झपाटा, स्वभावातला धडाडीपणा हे अर्थ त्याला फुटले. भौतिकशास्त्रज्ञ या शब्दापाशी पोहोचायला तेव्हा आणखी दोनशे वर्षे लागायची होती. तेव्हा ‘आज माझ्यात एनर्जीच नाही’ असे म्हणणारा माणूस विज्ञानाचा शब्द चुकीचा वापरतो आहे, अशी तक्रार करणाऱ्याने इतिहास उलटा वाचला आहे. उसनवारी विज्ञानाने केलेली आहे.

ती उसनवारीही एका दमात झाली नाही. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेली व्याख्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने वस्तूचे वस्तुमान आणि तिच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला ‘एनर्जी’ असे नाव सुचवले. पुढची चाळीस-पन्नास वर्षे ते नाव जवळपास पडूनच राहिले. १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झने आज आपण ज्याला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतो तो मांडला, तेव्हाही त्याने वापरलेला जर्मन शब्द ‘क्राफ्ट’ होता, ज्याचा सरळ अर्थ बल. एकाच शब्दाने बलही सांगायचे आणि ऊर्जाही, यामुळे त्या काळच्या वादांत किती गोंधळ झाला असेल याची कल्पना करता येते. १८५०च्या दशकात विल्यम थॉमसन आणि रँकिन यांनी ‘एनर्जी’ ही संज्ञा ठामपणे रूढ केली. १८५३ मध्ये रँकिनने ‘पोटेन्शियल एनर्जी’, म्हणजे आपली स्थितिज ऊर्जा, हा शब्दप्रयोग घडवला आणि ॲरिस्टॉटलने एकमेकांसमोर उभ्या केलेल्या दोन कल्पना एकाच संज्ञेत बसवल्या. १८६५ मध्ये क्लाउझियसने ‘एन्ट्रॉपी’, म्हणजे ऊर्जा किती विखुरली आहे याचे माप, हा शब्द तयार केला, तो मुद्दाम ‘एनर्जी’शी नाद जुळेल असा. शब्दाला प्रतिष्ठा आल्याची यापेक्षा चांगली खूण कोणती?

ही प्रतिष्ठा फुकट मिळालेली नाही, आणि माझ्या युक्तिवादाचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात वल्ह्यांसारखी पाती असलेला दांडा, दांड्याला गुंडाळलेली दोरी आणि दोरीला टांगलेली वजने, अशी जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाची मांडणी होती. वजने खाली उतरत, पाती पाणी घुसळत आणि पाणी किंचित तापे. इतके किंचित की, अंशाच्या छोट्या अपूर्णांकाचे मोजमाप करणारे तापमापक नसते तर हाती काहीच लागले नसते. वजने पुन्हा वर चढवून तो तीच कृती अनेकदा करी. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातला निष्कर्ष असा की, एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला ७७२ पौंडांचे वजन एक फूट खाली येण्याइतके कार्य लागते. आज मान्य असलेला आकडा ७७८च्या आसपास आहे; म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत. खाली येणारे वजन आणि तापणारे पाणी यांच्यात वरवर पाहता काही नाते नाही. जूलने त्यांच्यातला विनिमयाचा दर शोधून काढला, आणि तो दर प्रत्येक वेळी तोच येतो हे दाखवून दिले.

‘एनर्जी’ या शब्दाने विज्ञानात जे काही कमावले ते एवढेच, आणि ते प्रचंड आहे. रूपे कितीही बदलली तरी हिशेबाची बेरीज कायम राहते, म्हणून एकमेकांशी कसलाही संबंध नसलेल्या गोष्टी एकाच मापाने मोजता येतात. प्रौढ माणसाचा दिवसाचा २,००० किलोकॅलरींचा आहार म्हणजे सुमारे ८४ लाख जूल (हे ऊर्जेचे एकक त्याच्याच नावाचे), म्हणजेच सुमारे २.३ किलोवॉट-तास, दिवसभर आपण सरासरी शंभर वॉटच्या दिव्याइतके चालत असतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे माणसाच्या जवळपास चार दिवसांच्या आहाराइतकी. ही तुलना करता येणे हेच या संज्ञेचे सामर्थ्य आहे, आणि ते एककाशिवाय उभेच राहत नाही. एकक काढून घेतले की मागे उरतो तो सोळाव्या शतकातला जुना, मोकळा, काव्यात्म अर्थ. तो वाईट नाही. पण जूलच्या तापमापकाने मिळवलेला विश्वास त्याच्या नावावर खर्च करण्याचा त्याला अधिकार नाही.

नेमका तो विश्वास खर्च करणारा एक मोठा व्यवसाय आहे. शरीराभोवती ‘ऊर्जाक्षेत्र’ असते, ते बिघडले की आजार होतात आणि जाणकार हातांनी ते पूर्ववत करता येते, असे सांगणाऱ्या उपचारपद्धती जगभर चालतात. त्यांतल्या एका पद्धतीची, ‘थेरप्युटिक टच’ची, अमेरिकेतल्या एमिली रोझा या शाळकरी मुलीने घेतलेली परीक्षा प्रसिद्ध आहे. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, पडद्याला खाली दोन भोके. उपचारकाने दोन्ही हात तळवे वर करून भोकांतून पलीकडे ठेवायचे. पलीकडे बसलेली मुलगी नाणे उडवून ठरवणार आणि आपला हात उपचारकाच्या उजव्या किंवा डाव्या तळव्यापासून काही सेंटिमीटरवर धरणार. उपचारकाने सांगायचे एवढेच की ऊर्जाक्षेत्र कोणत्या हाताला जाणवते. एकवीस उपचारक, २८० प्रयत्न, १२३ बरोबर उत्तरे, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजाने सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याने स्पर्शाचे, सहवासाचे किंवा धीर देण्याचे मोल शून्य ठरत नाही, आणि तसा दावा करण्याचेही कारण नाही. त्याने एवढेच दाखवले की ज्या गोष्टीला ‘एनर्जी’ म्हटले जात होते ती ओळखण्याचा दावा करणाऱ्यांनाही ती ओळखता येत नव्हती. मायेचा हात असे तिला म्हटले असते, तर कोणाला पडदा उभा करावा लागला नसता.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे, कारण शब्दांवर पहारा बसवण्याचा उत्साह कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरणही याच शब्दाने दिले आहे. मनोविश्लेषक विल्हेल्म राइख याने ‘ऑर्गोन एनर्जी’ नावाची वैश्विक ऊर्जा सापडल्याचे जाहीर केले आणि ती साठवतात असे सांगितली जाणारी, माणूस बसू शकेल अशी पेटीवजा यंत्रे तयार केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९५४ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला. यंत्रे तोडली गेली, आणि १९५६ मध्ये त्याच्या पुस्तकांचे गठ्ठेही जाळले गेले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा भोगत असताना १९५७ मध्ये राइख तुरुंगात वारला. पेट्या विकण्यावर बंदी घालणे योग्यच होते. पुस्तके जाळणे हा निर्लज्जपणा होता, मग त्यांतले भौतिकशास्त्र कितीही भाकड असो. म्हणूनच मी मागतो आहे ती बंदी नाही. विकणाऱ्यावर आकडा सांगण्याचे बंधन घालावे. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यावर कसलेही बंधन नको.

आता पेयांकडे. त्यांत ताजेतवाने वाटायला लावणारा घटक असतो तो कॅफीन. २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या डब्यात सुमारे ८० मिलिग्रॅम. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन साचत जाते, ते ठरावीक ग्राहींना जाऊन चिकटते आणि आपल्याला पेंग येऊ लागते. कॅफीन त्या जागा स्वतः अडवते, म्हणून थकव्याचा निरोप पोहोचत नाही. गंमत अशी की पेशींमध्ये ऊर्जेची ने-आण करणाऱ्या एटीपी या रेणूचा गाभा म्हणजे हेच ॲडेनोसिन. तेव्हा ऊर्जा खर्च झाल्याची खूण झाकून ठेवणाऱ्या पदार्थाला ‘एनर्जी’ हे नाव मिळाले आहे. साखर घातलेल्या डब्यातही वेगळे काही घडत नाही, कारण त्यातली ऊर्जा कोणत्याही साध्या गोड शीतपेयाइतकीच असते. या पेयांचे खरे नाव उत्तेजक पेय असे आहे, आणि ते नाव कोणी घेत नाही याचे कारणही उघड आहे: उत्तेजक म्हटले की ‘किती घेतले तर चालेल’ हा प्रश्न लगेच उभा राहतो, एनर्जी म्हटले की ‘जितकी जास्त तितकी बरी’ असे वाटते. युरोपीय संघात लिटरला १५० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन असलेल्या अशा पेयांवर ‘कॅफीनचे प्रमाण जास्त, मुलांसाठी आणि गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी शिफारस नाही’ अशी सूचना सक्तीची आहे. चांगली गोष्ट आहे. पण ती सूचना बारीक टाइपात आणि ‘एनर्जी’ मोठ्या अक्षरांत असेल तोवर ती अर्धीच पोहोचणार. उत्पादकांना व्यापारी नाव बदलायला लावता येत नसेल, तर कॅफीनचे मिलिग्रॅम ‘एनर्जी’ या शब्दाच्याच आकाराच्या टाइपात छापणे सक्तीचे करावे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र डब्यांमुळे किंवा उपचारांमुळे होत नाही. ते होते धोरणाच्या भाषेत, जेथे बोलणारे बहुधा सुशिक्षित असतात आणि आकडेही देतात, पण त्या आकड्यांखाली ‘एनर्जी’ या शब्दाचा अर्थ सरकत राहतो.

हा शब्द सरकारांच्या बोलण्यात एवढा मोठा झाला तो १९७३च्या तेलसंकटानंतर. ब्रिटनमध्ये १९५७ पर्यंत ‘इंधन आणि वीज’ असे खाते होते; जानेवारी १९७४ मध्ये ‘डिपार्टमेंट ऑफ एनर्जी’ स्थापन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली आणि १९७७ मध्ये अमेरिकेने स्वतंत्र ऊर्जा खाते काढले. खात्याच्या नावात वस्तू असण्याऐवजी राशी आली. याचा फायदा झाला: कोळसा, तेल, वायू, पाणी आणि अणू यांचा एकत्र विचार होऊ लागला. तोटाही झाला. ‘इंधन’ म्हटले की कोणते, असा प्रश्न आपोआप येतो. ‘एनर्जी’ म्हटले की प्रश्नच संपल्यासारखा वाटतो.

पहिला घोळ क्षमता आणि ऊर्जा यांतला. ‘शंभर मेगावॉट एनर्जी निर्माण करणारा प्रकल्प’ हे वाक्य बातम्यांत इतके सरावाचे झाले आहे की त्यातली चूक डोळ्यांना खटकत नाही. मेगावॉट हे शक्तीचे एकक आहे, ऊर्जेचे नाही. शक्ती म्हणजे नळातून एका क्षणी किती जोराने पाणी येऊ शकते ते, आणि ऊर्जा म्हणजे दिवसाअखेर टाकीत किती साठले ते; नळ दिवसातून पाच तासच सुटत असेल तर त्याची तोटी केवढी मोठी आहे हे सांगून टाकीचा अंदाज येत नाही. शंभर मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या कमाल क्षमतेच्या सरासरी २० टक्के चालला, तर सुमारे साडेसतरा कोटी किलोवॉट-तास वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा अणुप्रकल्प ९० टक्के चालला, तर जवळपास ७९ कोटी. मथळा दोघांचा एकच, वीज साडेचार पट कमी-जास्त. हे सौर ऊर्जेविरुद्धचे म्हणणे नाही. सौर प्रकल्प वेगाने आणि स्वस्तात उभे राहतात, आणि त्यांची बाजू मांडायला खऱ्या आकड्यांची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. पण ज्याने मेगावॉट ऐकून ऊर्जेचा अंदाज बांधला, त्याला पुढे कधीतरी फसवले गेल्यासारखे वाटणार, आणि तो राग चुकीच्या जागी निघणार. शाळेच्या पुस्तकात ऊर्जा आणि शक्ती या दोन वेगळ्या राशी म्हणून शिकवल्या जातात, त्यांवर गुणही मिळतात. वर्तमानपत्रापर्यंत येता-येता त्या एक कशा होतात हे कोडेच आहे.

दुसरा घोळ याहून खोल आहे. ‘आमची शंभर टक्के एनर्जी नवीकरणीय स्रोतांतून येते’ अशी घोषणा एखादे शहर किंवा कंपनी करते, तेव्हा बहुतेक वेळा तिला वीज म्हणायचे असते. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या ऊर्जेत, विजेचा वाटा सुमारे एक-पंचमांश आहे. उरलेल्यात वाहनांचे इंधन आहे, घरे उबदार ठेवण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी जाळला जाणारा वायू आहे, पोलाद, सिमेंट आणि खतांचे कारखाने आहेत. विजेपुरता खरा असलेला दावा ‘एनर्जी’ या शब्दाने पाचपट फुगतो, आणि फुगवणाऱ्याला एकही खोटा आकडा द्यावा लागत नाही. नवीकरणीय म्हणताना काय मोजले हेही क्वचितच सांगितले जाते. युरोपीय संघाच्या नवीकरणीय ऊर्जेच्या आकडेवारीत गेली अनेक वर्षे अर्ध्याहून अधिक वाटा जैवभाराचा, म्हणजे मुख्यतः लाकडाचा, राहिला आहे. पण त्या घोषणांसोबतच्या चित्रांत पवनचक्क्या दिसतात, लाकडाची मोळी कधी दिसत नाही. (आपल्याकडे रूढ झालेला ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्द तर आणखी मजेदार आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मान्य केला, तर कोळशातली ऊर्जाही अक्षय्यच ठरते. क्षय होतो तो कोळशाचा.)

तिसरा घोळ तज्ज्ञांच्या तक्त्यांत लपलेला असतो. ‘प्राथमिक ऊर्जा’, म्हणजे रूपांतर होण्याआधीची मूळ स्रोतातली ऊर्जा, या मापात अणुविजेची मोजणी अणुभट्टीत निर्माण झालेल्या उष्णतेवरून करतात. उष्णतेपैकी सुमारे ३३ टक्क्यांचीच वीज होते असे धरत असल्याने विजेच्या प्रत्येक एककामागे उष्णतेची तीन एकके मांडली जातात. जलविद्युत, पवन आणि सौर विजेसाठी मात्र प्रत्यक्ष विजेचाच आकडा घेण्याची आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची पद्धत आहे. परिणाम असा की जगात जलविद्युत अणुविजेपेक्षा बरीच जास्त निर्माण होत असूनही, प्राथमिक ऊर्जेच्या तक्त्यात अणुऊर्जेचा वाटा जलविद्युतच्या दुपटीच्या आसपास दिसतो. कोणी लबाडी केलेली नाही; पद्धत उघड आहे, टिपेत दिलेलीही असते. पण तो तक्ता हाती घेऊन ‘पवन आणि सौर यांचा एकूण एनर्जीतला वाटा नगण्य आहे’ असे म्हणणारा वक्ता ती टीप वाचून दाखवत नाही. तोच वक्ता पुढे असेही म्हणतो की आज जाळल्या जाणाऱ्या तेलातली सगळी ऊर्जा विजेने भरून काढावी लागेल, आणि ते अशक्य आहे. वस्तुतः पेट्रोलच्या गाडीत इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीत ती गळती पुष्कळच कमी. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून घेणारा उष्णता-पंप एक एकक विजेच्या बदल्यात घराला सुमारे तीन एकके उष्णता देतो. तेव्हा भरून काढायची असते ती ऊर्जेकडून मिळणारी सेवा, आणि तिला लागणारी ऊर्जा आजच्या प्राथमिक ऊर्जेपेक्षा खूप कमी असू शकते. ‘एनर्जी’ या एका शब्दाखाली प्राथमिक, अंतिम आणि उपयुक्त अशा तीन राशी झाकल्या गेल्या, की या वादात दोन्ही बाजूंना हवे ते सिद्ध करता येते.

नोकरीच्या बाजारात या शब्दाचे काय झाले आहे, तेही थोडक्यात नोंदवले पाहिजे. ‘हाय एनर्जी उमेदवार हवा’ या मागणीत कौशल्य, तास आणि मोबदला यांपैकी काहीच स्पष्ट होत नाही. वय जास्त असलेल्याला मात्र न सांगता कळते की हे आपल्यासाठी नाही. कामाच्या ठिकाणी ‘वेळेचे नव्हे, एनर्जीचे व्यवस्थापन करा’ असा उपदेश दिला जातो तेव्हा अपुरी माणसे आणि लांबलेले तास हा संस्थेचा प्रश्न अलगद कर्मचाऱ्याच्या अंगी असलेल्या-नसलेल्या गुणाचा प्रश्न होतो. तास मोजता येतात, त्यांच्यावर भांडता येते. अशा ‘एनर्जी’च्या कमतरतेवर कोणी कोणाशी भांडायचे?

माझ्या मागणीला दुसऱ्या टोकाकडूनही विरोध होईल. काटेकोर विज्ञानवादी म्हणेल की मग ‘ऊर्जेचा वापर’, ‘ऊर्जानिर्मिती’, ‘ऊर्जाबचत’ हे शब्दही टाकून द्या, कारण ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तर ती वाचवायची कशी? तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर आहे. आपण खर्च करतो ती ऊर्जेची काम करण्याची लायकी. चहाच्या आधणाखालच्या ज्योतीतली ऊर्जा खोलीच्या हवेत विखुरते, तिची बेरीज तेवढीच राहते, पण तिच्याकडून पुन्हा काम करून घेता येत नाही. या लायकीला १९५६ मध्ये झोरान रांट याने ‘एक्सर्जी’ हे नाव दिले आणि अभियांत्रिकीत ते वापरातही आहे. तरीही वीजबिलावर एक्सर्जी छापावी असे मी म्हणणार नाही. ‘ऊर्जेचा वापर इतके किलोवॉट-तास’ या वाक्यातली तांत्रिक ढिलाई कोणाचीही फसवणूक करत नाही, कारण पुढे एकक आहे, मीटर आहे, आणि मीटरवर शंका असल्यास तो तपासून घेण्याची सोय आहे. शब्द ढिला असला तरी हिशेब घट्ट आहे. मला हवी आहे ती ही घट्ट बाजू. व्युत्पत्तीची किंवा परिभाषेची सोवळी पाळण्यात मला रस नाही.

म्हणून ही अट तीन प्रश्नांपुरतीच ठेवावी: किती, कोणत्या एककात, आणि कोणत्या सीमेच्या आत, म्हणजे नेमकी कशाची. अन्नाच्या वेष्टनाला या प्रश्नांची उत्तरे सहज देता येतात; सुकामेवा आणि गूळ घातलेल्या वडीला ‘एनर्जी बार’ म्हणणे या कसोटीला पुरेपूर उतरते, कारण तिच्यात खरोखरच भरपूर किलोकॅलरी असतात, आणि ते वाचून वजन कमी करू पाहणारा ती खाली ठेवून देईल. उपचारकेंद्राला उत्तरे देता येणार नाहीत, आणि त्याने आपल्या सेवेचे वर्णन दुसऱ्या शब्दांत केले तर कोणाचे काही बिघडणार नाही. राजकीय घोषणेला उत्तरे देता येतील, पण द्यावीशी वाटणार नाहीत. आणि तेथे नियामकांपेक्षा वार्ताहर आणि उपसंपादक अधिक उपयोगी पडू शकतात. प्रकल्पाच्या बातमीत मेगावॉटसोबत वर्षाला अपेक्षित किलोवॉट-तास मागायला फक्त एक जादा प्रश्न लागतो. ‘शंभर टक्के एनर्जी’ असे कोणी म्हटले, की ‘वीज की एकूण ऊर्जा?’ हे विचारल्याशिवाय मथळा लावायचा नाही, असा नियम एखाद्या संपादकीय विभागाने स्वतःपुरता केला, तर त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तर मिळाले नाही, तर ते मिळाले नाही हेही त्याच बातमीत छापता येते.